डीजेवाल्यांनो, गाण्यांच्या लायसन्सबाबत या चुका टाळा

लग्नसराई सुरू झाली की डीजेवाल्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास फिरतो: ‘लग्नात गाणी वाजवायला लायसन्स लागत नाही, सरकारनंच सांगितलंय.’ हे खोटं नाही. पण याच भरवशावर लोक वाढदिवस, कंपनीची पार्टी आणि थर्टी फर्स्टही उरकतात, आणि तिथं अडकतात.

लग्नाची सूट सगळीकडे ताणणं

ही सूट कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२(१)(झेडए) मधली आहे. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत किंवा सरकारी समारंभात गाणी वाजवणं हा हक्कभंग नाही. वरात आणि लग्नाशी जोडलेले इतर सोहळेही धार्मिक विधीतच धरलेत. २४ जुलै २०२३ ला केंद्राच्या डीपीआयआयटी (उद्योग आणि अंतर्गत व्यापार) खात्यानं जाहीर सूचना काढून हेच पुन्हा सांगितलं. मग ३० जानेवारी २०२४ ला गोवा सरकारनं याच सुटीबद्दल परिपत्रक काढलं. त्याविरुद्ध पीपीएल ही म्युझिक लेबलांच्या वतीनं गाण्यांचं लायसन्स देणारी कंपनी मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठात गेली आणि १३ ऑगस्ट २०२४ ला ते परिपत्रक रद्द झालं.

मग लग्नाची सूट गेली का? नाही. ती कायद्यात आहे, परिपत्रकानं दिलेली नव्हतीच. कायद्यानं दिलंय त्याच्यापलीकडे सरकारला परिपत्रकातून जाता येत नाही, एवढाच त्या निकालाचा अर्थ. तुमचा कार्यक्रम या सवलतीत बसतो का, हे वाद झाल्यावर पुराव्यावर ठरतं. म्हणून सुपारी घेताना पत्रिकेची प्रत मागून ठेवा आणि बुकिंगच्या पावतीवर हळद, संगीत, वरात, जे असेल ते स्पष्ट लिहा. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाची पार्टी ‘लग्नाशी जोडलेली’ आहे हे कोर्टाला पटवणं अवघड जाईल. मंडळानं तिकीट लावून ठेवलेली डीजे नाइट गणपतीच्या नावावर खपेल, असंही मला वाटत नाही.

एकाच पावतीवर निर्धास्त राहणं

एका गाण्यात हक्क अनेक असतात. शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा. तो बहुतेक वेळा आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेकडे. ध्वनिमुद्रणाचा हक्क म्युझिक लेबलचा, म्हणजे गाणं काढणाऱ्या कंपनीचा. त्याची वसुली पीपीएल, नोव्हेक्स किंवा आरएमपीएल यांसारखी संस्था करते. कुठलं लेबल कुणाकडे, हे बदलत असतं. म्हणून आधी प्लेलिस्ट ठरवा, मग लेबलं काढा आणि त्या-त्या संस्थेच्या ताज्या यादीत तपासा. एखाद्या लेबलचं लायसन्स परवडत नसेल तर त्याची गाणी सेटमधून काढून टाका. हा सगळ्यात स्वस्त उपाय, पण तो फार कमी जण करतात.

‘जुनी गाणी फुकट’ हेही अर्धसत्य. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं चालतो, म्हणजे १९६० च्या रेकॉर्डचा २०२० अखेर संपला. पण शब्द आणि चालीचा हक्क गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. शिवाय त्याच गाण्याचा नवा रिमिक्स वाजवलात, तर ते नवं ध्वनिमुद्रण झालं.

पीपीएल आणि नोव्हेक्स नोंदणीकृत कॉपीराइट सोसायटी (हक्कधारकांच्या वतीनं लायसन्स देण्यासाठी सरकारकडे नोंदलेली संस्था) नसताना लायसन्स देऊ शकतात का, यावर हायकोर्टांचं एकमत नाही. मद्रासनं २०२१ मध्ये नोव्हेक्सविरुद्ध निकाल दिला. मुंबईनं जानेवारी २०२४ मध्ये दोघांच्या बाजूनं. दिल्लीच्या खंडपीठानं एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा वेगळी भूमिका घेतली आणि ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. महाराष्ट्रात आणि गोव्यात काम करत असाल तर मुंबईचा निकाल डोक्यात ठेवा. ‘तुमची सोसायटीच नाही’ असं व्हिडिओ पाहून गेटवर भांडणं महागात पडेल.

‘हॉटेलकडे आहे’ हे तोंडी ऐकणं

हॉटेलकडे असलेलं लायसन्स बहुधा रेस्टॉरंट-लॉबीत मंद वाजणाऱ्या गाण्यांचं असतं. डीजे इव्हेंटचा दर वेगळा, लायसन्सही वेगळं. प्रत मागा, त्यावर तारीख, जागा आणि कार्यक्रमाचा प्रकार बघा. पैसे कोण भरणार, आयोजक की जागेचा मालक, हे करारात लिहून घ्या. पोलिसांची स्पीकर परवानगी आवाजापुरती असते, गाण्याच्या हक्काशी तिचा संबंध नाही.

ॲप आणि पेनड्राइव्ह

स्पॉटिफायचं प्रीमियम तुमच्या स्वतःच्या ऐकण्यासाठी असतं, हॉलसाठी नाही. आणि इव्हेंटचं लायसन्स घेतलं म्हणून कुठून तरी उतरवलेल्या पेनड्राइव्हमधल्या प्रती कायदेशीर होत नाहीत.

सेट यूट्यूबवर टाकताना

हॉलमधलं लायसन्स अपलोडला चालत नाही. कंटेंट आयडीचा, म्हणजे गाणं आपोआप ओळखणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेचा, क्लेम आला तर घाबरू नका. बहुतेकदा जाहिरातीचे पैसे हक्कधारकाकडे जातात किंवा व्हिडिओ काही देशांत दिसत नाही. हक्कधारकाच्या तक्रारीवरून मिळणारा स्ट्राइक मात्र वेगळा: ९० दिवसांत तीन झाले तर चॅनेल बंद होऊ शकतं. ‘३० सेकंदांपर्यंत चालतं’ असा नियम कुठेच नाही.

कार्यक्रम चालू असताना लायसन्स विचारायला कुणी आलं तर

आधी अधिकारपत्र, लेबलांची यादी आणि दरपत्रक मागा. पैसे भरायचे ठरलं तर संस्थेच्या खात्यात, जीएसटी बिलासह, रोख नको. डिसेंबरात या कंपन्या हायकोर्टातून मनाई आदेश आणतात, त्यामुळे आदेश दाखवला तर त्यात तुमच्या जागेचं नाव आहे का ते वाचा आणि असेल तर ती गाणी तिथल्या तिथे थांबवा. सोबत पोलीस असतील तर हुज्जत घालू नका. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये सांगितलंय. लॅपटॉप किंवा ड्राइव्ह जप्त झालाच तर पंचनाम्याची प्रत घ्या आणि त्यात प्रत्येक वस्तू नीट नोंदवली आहे का, हे सही करण्याआधी तपासा.