एन-एट-एनमध्ये पावसाचा इशारा: जेसनमधून नेमका आकडा कसा उचलायचा

एन-एट-एन हे वेगवेगळ्या सेवा जोडून कामं आपोआप करवून घेणारं साधन. त्यातला एकेक टप्पा म्हणजे नोड, आणि नोडांची साखळी म्हणजे वर्कफ्लो. काम छोटं आहे: पुण्यात संध्याकाळी ६ ते ८ पाऊस पडणार असेल, तर दुपारी ४ ला मेसेज यावा. अंदाज ओपन-मीटिओ या हवामान सेवेकडून घेऊ. तो जेसनमध्ये, म्हणजे नाव आणि किंमत अशा जोड्यांच्या मजकुरात येतो. खासगी वापराला मोफत आहे आणि एपीआय की (सेवा वापरण्यासाठीचा ओळख-कोड) लागत नाही.

१. एचटीटीपी रिक्वेस्ट नोडमध्ये गेट (डेटा मागवण्याची पद्धत) निवडा. अक्षांश १८.५२, रेखांश ७३.८६ द्या आणि अवर्लीमध्ये (तासवार अंदाजात) प्रेसिपिटेशन, म्हणजे पाऊस मागा. टाइमझोन एशिया/कोलकाता द्याच. तो राहिला की वेळा जीएमटीत येतात आणि सगळं साडेपाच तासांनी सरकतं.

२. नोड एकदा चालवून आलेला डेटा पिन करा, म्हणजे तो नोडमध्येच जपला जातो आणि पुढची जोडणी करताना दर वेळी सर्व्हर ठोठावावा लागत नाही. आता डेटा नीट वाचा. अवर्लीच्या पोटात टाइम आणि प्रेसिपिटेशन अशा दोन स्वतंत्र याद्या आहेत, सात दिवसांच्या प्रत्येकी १६८ नोंदी. वेळेशेजारी पाऊस लिहिलेला नाही. जोडी फक्त क्रमांकाने जुळते.

३. क्रमांक ठरवा. मोजणी शून्यापासून आणि यादी आजच्या मध्यरात्रीपासून सुरू होते, म्हणून क्रमांक १८ म्हणजे १८:००. हात इथेच चुकतो: प्रेसिपिटेशन ही आधीच्या तासाची बेरीज असते. १८:०० समोरचा आकडा ५ ते ६ चा. आपल्याला १९ आणि २० हवेत. दोनच आकड्यांसाठी यादीचे सुटे तुकडे करणाऱ्या स्प्लिट आउट नोडचा घाट घालू नका. एक्स्प्रेशनमध्ये (नोडात लिहायच्या छोट्या सूत्रात) थेट क्रमांक लिहा आणि बेरीज करा.

४. अट तपासणाऱ्या इफ नोडमध्ये प्रकार नंबर ठेवून बेरीज ०.५ मिलिमीटरपेक्षा जास्त आहे का, ते तपासा. प्रकार स्ट्रिंग (मजकूर) राहिला तर ‘पेक्षा जास्त’ ही तुलनाच यादीत मिळत नाही.

आकड्याच्या जागी नल (रिकामी किंमत) आला तर त्याचा अर्थ शून्य पाऊस नव्हे, आकडाच नाही. बेरजेत नल गुपचूप शून्य होतो, म्हणून बेरजेआधीच त्याची वेगळी फांदी काढा.

पार्सिंग (आलेलं जेसन उलगडून वाचणं) फसलं आणि एररमध्ये < हे चिन्ह दिसलं, तर बहुधा जेसनऐवजी एचटीएमएलचं पान आलंय. एक्स्प्रेशन उकरत बसू नका, पत्ता आणि सर्व्हरच्या उत्तरातला स्टेटस कोड बघा.

मेसेज भलत्याच वेळी येत असेल तर वर्कफ्लोच्या सेटिंग्जमध्ये टाइमझोन बघा. स्वतःच्या सर्व्हरवर बसवलेल्या एन-एट-एनचा मूळ टाइमझोन न्यूयॉर्कचा असतो.