चारही चाकं फिरतात म्हणून गाडी निघतेच असं नाही: एडब्ल्यूडी गाडीवाल्यांनो, या चुका टाळा

आमच्या सासुरवाडीचं शेत परभणी जिल्ह्यात आहे. डांबरी रस्त्यापासून जेमतेम तीनशे मीटर पांदण. जूनमधला दुसरा पाऊस नुकताच पडून गेला होता. बायको म्हणाली, "चालत जाऊ." मी म्हटलं, एवढे पैसे जास्त मोजून ऑल-व्हील-ड्राइव्ह (एडब्ल्यूडी), म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना देणारी गाडी घेतली ती चालत जायला का? टू-व्हील, ऑटो आणि लॉक असा तीन खुणांचा नॉब लॉकवर, म्हणजे पुढची-मागची चाकं एकत्र बांधण्यावर, फिरवला आणि घातली आत.

शंभर मीटरसुद्धा गेलो नाही. आधी टायरच्या खाचा मातीने भरल्या. मग चाक आणि मडगार्ड यांच्यामधली फट भरली. शेवटी चारही चाकं काळ्या लोण्याचे गोळे होऊन जागच्या जागी फिरत राहिली आणि गाडी पोटावर बसली. मेहुणा ट्रॅक्टर घेऊन आला, खाली उतरला, गाडीला एक फेरी मारली आणि म्हणाला, "दाजी, चारी चाकं फिरत्यात हे मातीला कुठं ठावं?"

त्याने एका वाक्यात सांगितलेलं मला समजायला पुढे तीन वर्षं आणि बराच खर्च लागला. एडब्ल्यूडी इंजिनाची ताकद चार चाकांत वाटते. पकड मात्र टायरची असते, आणि ती गाडीबरोबर विकत मिळत नाही. या गाड्यांना कंपनीतून येणारे टायर डांबरासाठी बनवलेले असतात. कोकणातल्या जांभ्यावर किंवा घाटातल्या खडीवर ते बरे चालतात. काळी माती वेगळी, ती पाणी पिऊन फुगते आणि चिकटते. तिथे उपाय एकच: दोन दिवस ऊन पडू द्या. जायचंच असेल तर मेहुण्याला आधी फोन करा, नंतर नको.

दोनच टायर बदलणं

माझी सगळ्यात महागात पडलेली चूक हीच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

डस्टर एडब्ल्यूडी (२०१४) किंवा ग्रँड व्हिटारा ऑलग्रिप (२०२२) अशा गाड्यांत एरवी पुढची चाकंच गाडी ओढतात. मागच्या डिफरन्शियलच्या (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) आधी एक कपलिंग, म्हणजे जोडणी, असतं आणि त्यात क्लचच्या पातळ चकत्यांचा गठ्ठा. पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या गतीने फिरताहेत असं कॉम्प्युटरला दिसलं की त्या चकत्या आवळल्या जातात आणि मागच्या चाकांना ताकद मिळते. 'घसरतंय' हे कॉम्प्युटरला बऱ्याच अंशी कळतं ते चाकांच्या फेऱ्यांमधल्या फरकावरून.

टायरवाल्याने सांगितलं, "पुढचे दोन गेलेत, मागचे अजून वर्षभर चालतील." मी मान डोलावली. मागचे टायर नव्यापेक्षा चार मिलिमीटर झिजलेले होते. आता हिशेब करू. २१५/६५ आर १६ मापाच्या नव्या टायरचा व्यास सुमारे ६८६ मिलिमीटर, म्हणजे किलोमीटरला ४६४ फेरे. खाचांची खोली चार मिलिमीटर कमी झाली की व्यास आठने घटतो आणि तेवढ्याच अंतराला ४६९ हून जास्त फेरे होतात. किलोमीटरमागे साडेपाच फेऱ्यांचा फरक. पुण्याहून महाबळेश्वरला पोहोचेपर्यंत साडेसहाशे. रस्ता कोरडा, गाडी सरळ, पण कपलिंगच्या दृष्टीने कुणीतरी सतत घसरतंय. चकत्या घासत राहतात, तापत राहतात. मला पहिली खूण मिळाली ती मागून येणाऱ्या घरघरीची, आणि मी ती बेअरिंगची समजलो.

तेव्हा चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नमुन्याचे आणि जवळपास सारखेच झिजलेले असू द्या. दर १०,००० किलोमीटरला पुढचे-मागचे अदलाबदल करा, म्हणजे चारही एकदमच संपतील. एखादा टायर बाजूने फाटला आणि बाकीचे निम्मे झिजलेले असतील, तर तितक्याच झिजलेल्या जुन्या टायरचा शोध घेण्यात कमीपणा नाही. स्टेपनीचंही तेच. डिक्कीत पाच वर्षं कोरी पडलेली स्टेपनी लावली तर नॉब टू-व्हीलवर ठेवा, ती सोय नसेल तर सावकाश चालवा आणि पंक्चर काढून मूळ चाक लवकर परत बसवा.

उतारावरचा गैरसमज

पावसात ताम्हिणी चढताना एडब्ल्यूडी गाडी अशी काही चिकटून चालते की माणूस खूश होतो. उतरताना तोच माणूस त्याच वेगात वळण घेतो. ब्रेक तर अल्टोलाही चारही चाकांना असतात. थांबण्याच्या बाबतीत तुमची गाडी तिच्याहून सरस नाही, उलट वजनाने जास्तच आहे. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, ही एसटीच्या चालकांची जुनी रीत इथेही लागू.

लॉक लावून विसरणं

लॉक चिखल, वाळू आणि सैल खडी यांच्यासाठी आहे. डांबरावर लॉक लावून सोसायटीच्या पार्किंगमध्ये फुल स्टिअरिंग मारलं की कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी गाडी अडखळते, टायर कुरकुरतात. गाडी बिघडलेली नसते. वळताना पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा लांबचा रस्ता कापायचा असतो आणि तुम्ही दोघांना एकत्र बांधलंय. काही गाड्यांत ठरावीक वेगापुढे लॉक आपोआप सुटतो, पण पार्किंगमध्ये तो वेग येणार कुठून?

वर्षभर नॉब टू-व्हीलवर ठेवून 'जपणारे'ही असतात. महिन्यातून एकदा तरी ऑटोवर चालवा. न वापरलेली यंत्रणा नेमकी कामाच्या दिवशी रुसते.

एक चाक हवेत

खड्ड्यात पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक लोंबकळलं की ही गाडी केविलवाणी थांबते. हवेतली दोन चाकं गरागरा फिरतात, जमिनीवरची दोन ढिम्म. डिफरन्शियल साधंच असल्यामुळे ताकद सोप्या वाटेने, म्हणजे लोंबकळणाऱ्या चाकाकडे पळते. इथे बहुतेक जण घाबरून अॅक्सिलरेटर सोडतात, पुन्हा दाबतात, पुन्हा सोडतात. त्याऐवजी पाय मध्यम दाबून दोन-तीन सेकंद स्थिर ठेवा. ट्रॅक्शन कंट्रोल फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावतं आणि ताकद दुसरीकडे जाते. त्याला तेवढा वेळ द्यावा लागतो.

वाळूत आणि दाट चिखलात उलटं होतं. तिथे तेच ट्रॅक्शन कंट्रोल इंजिनाचा गळा आवळतं, त्यामुळे बटण दाबून बंद केलेलं बरं. क्लच मात्र अर्धा दाबून धरू नका. या लहान गाड्यांत जीपसारखा लो-रेंज गिअर (वेग कमी करून ताकद वाढवणारा) नसतो, सगळा भार क्लचवर येतो. जळका वास आला की इंजिन चालू ठेवून न्यूट्रलमध्ये दहा मिनिटं थांबा.

समुद्रकिनाऱ्यावर गाडी घालण्याविषयी काय लिहू? दर सुट्टीत कोकणात कुणाची ना कुणाची गाडी भरतीत अडकते. गोव्यात तर पोलीस गुन्हाच नोंदवतात.

फरशीवरचं पाणी

साकवावरून किंवा फरशीवरून पाणी वाहत असलं तर आधी एखादी एसटी किंवा ट्रॅक्टर जाऊ द्या आणि पाणी त्याच्या चाकाला कुठवर लागतं ते बघा. चाकाच्या निम्म्याहून वर येण्याइतकं असेल तर चहाच्या टपरीवर बसा. पाण्यात गाडी बंद पडलीच, तर पुन्हा सेल मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, मग पिस्टनचा दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकतो. आणि साध्या विम्यात हा खर्च सहसा बसत नाही, इंजिन प्रोटेक्शनचं जादा कलम घेतलेलं असावं लागतं.

एडब्ल्यूडीवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट, जी शोरूममध्ये कुणी सांगत नाही. मागचं डिफरन्शियल चालून गरम झालेलं असतं. थंड पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते आणि श्वासनळीसारख्या बारीक नळीतून पाणी आत ओढलं जाऊ शकतं. माझ्या मेकॅनिकने वरचा प्लग काढला, करंगळी घालून बाहेर काढली आणि मला दाखवली. तेल नव्हतं, ताक होतं. खोल पाण्यातून गेलात तर पुढच्या आठवड्यात हे एकदा बघून घ्या. तेल फार लागत नाही, बहुतेक लहान गाड्यांत लिटरभराच्या आसपास. 'लाइफटाइम ऑइल आहे सर' असं कुणी म्हणालं तर मॅन्युअल उघडून जड वापराचा तक्ता बघा.

तीन दिवे एकदम लागले

एबीएस (ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा), ईएसपी (घसरणारी गाडी सावरणारी) आणि एडब्ल्यूडी असे तिन्ही दिवे एकदम पेटले की पोटात गोळा येतो. मला एका वर्कशॉपमध्ये कपलिंग बदलण्याचं एस्टिमेट मिळालं होतं. पण तीन गोष्टी एकाच क्षणी कशा बिघडतील? तिन्ही यंत्रणांना माहिती मिळते ती चाकांजवळच्या त्याच चार सेन्सरांकडून. एकाचा प्लग चिखलाने माखला किंवा उंदराने वायर कुरतडली की तिघीही रुसतात. आधी बॅटरी तपासा, ती कमजोर झाली तरी असेच दिवे लागतात. मग चाकांजवळच्या वायरी. माझ्या बाबतीत मागच्या डाव्या चाकाची वायर निघाली, उंदराच्या दातांच्या खुणांसकट.

नुसता एडब्ल्यूडीचाच दिवा लुकलुकत असेल आणि तुम्ही बराच वेळ वाळूत धडपडत असाल, तर कपलिंग तापलेलं असण्याची शक्यता जास्त. थांबा, निवू द्या, आपोआप सुरळीत होतं.

टोचन

गाडी बंद पडली आणि क्रेनवाला पुढची चाकं उचलून मागची फरफटत न्यायला निघाला, तर आडवे पडा. मागची चाकं फिरली की शाफ्ट फिरतो आणि बंद गाडीतलं कपलिंग घासलं जातं. फ्लॅटबेडच मागवा आणि फोनवरच "ऑल-व्हील आहे" असं दोनदा सांगा. चिखलातून ओढायचं तर दोर सस्पेन्शनच्या आर्मला बांधू देऊ नका. डिक्कीतल्या हत्यारांत एक जाड लोखंडी हूक असतो, बंपरवरचं छोटं झाकण काढून तो आत आवळायचा. काही गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात. मेहुण्यासमोर मी दहा मिनिटं तो चुकीच्या दिशेने फिरवत होतो.

जुनी घेताना

डिझेल डस्टर २०२० च्या एप्रिलमध्ये धुराच्या प्रदूषणाचे बीएस-सिक्स नियम लागू होताना बंद झाली आणि एडब्ल्यूडी तिच्याबरोबरच गेली. त्यामुळे त्या गाडीचे चाहते आता जुन्या बाजारातच शोधतात. मालक इंजिनाचा आवाज ऐकवेल, पॉलिश दाखवेल. तुम्ही आधी खाली बसून चारही टायरवरचे आकडे वाचा. 'डॉट' (DOT) अक्षरांच्या ओळीतले शेवटचे चार आकडे टायर कधी बनला ते सांगतात, २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. मग मागच्या डिफरन्शियलखाली तेलाचे ओघळ आहेत का ते बघा. मग नॉब ऑटोवर ठेवून मोकळ्या मैदानात फुल स्टिअरिंग मारून दोन गोल फेऱ्या घ्या, काचा खाली करून. कट-कट किंवा घरघर ऐकू आली तर किंमत पाडण्यापेक्षा दुसरी गाडी बघा. आणि चार टायर चार कंपन्यांचे निघाले, तर फेऱ्या मारण्याचीही गरज नाही.