रात्रीची लाईन आणि मोबाईलवरची मोटर

"लाईन आली काय वं?" रात्री दोनला मामाजींची ही हाक ऐकून मी सहा हिवाळे उठले. हातात बॅटरी, काठी आणि वावरापर्यंतचा अंधार, कशासाठी तर मोटरचं एक हिरवं बटण दाबायला. आमच्या वरुडकडच्या शेतीच्या फीडरवर मोटरला लागणारी थ्री फेज लाईन पाळीनेच येते, कधी दिवसा, कधी रात्री. आता मोटरच्या पेटीत मोबाईल स्टार्टर आहे, म्हणजे फोनवरून मोटर चालू-बंद करणारं यंत्र. तुम्हाला बसवायचा असेल तर माझ्या चुका आधी वाचा.

नुसता ऑटो स्विच लावून मोकळं होऊ नका. लाईन आली की डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटरी एकदमच उचलतात, व्होल्टेज बसतं, फ्यूज उडतो. म्हणून टायमर असलेलाच घ्या आणि शेजाऱ्यांशी बोलून वेळा वाटून घ्या. आमची मोटर लाईन आल्यावर चार मिनिटांनी सुरू होते, पलीकडच्यांची सहा. सोबत व्होल्टेज सावरणारा कपॅसिटर लावाच, 5 एचपीला 2 केव्हीएआरचा (हे कपॅसिटरचं माप).

सगळ्यात जास्त वेळ अँपिअरच्या सेटिंगला द्या. पाणी भरपूर असताना मिस्त्रीला तिन्ही फेजवर टाँग टेस्टर (वायरीभोवती धरून अँपिअर मोजणारा) लावायला सांगा. आमच्याकडे आठच्या आसपास आकडा आला. ओव्हरलोड, म्हणजे ज्याच्या वर गेलं की मोटर बंद पडते तो आकडा, मोटरच्या कार्डावर लिहिलेल्या अँपिअरवर ठेवायचा, त्याच्या वर नाही. खरी गरज ड्राय रनची, म्हणजे पाण्याविना फिरणारी मोटर बंद करणाऱ्या सेटिंगची. आमच्याकडे बोर खोल गेलेत, तासा-दीड तासात पाणी तुटतं. पाणी तुटलं की अँपिअर खाली येतात, आमचे पाचाच्याही खाली. म्हणून सहावर कट ठेवला. सबमर्सिबल, म्हणजे बोरात बुडालेली मोटर, पाण्यानेच थंड राहते, कोरडी फिरली की गेलीच. बंद पडल्यावर बोर भरायला पाऊण तास, मग ती आपोआप सुरू. एक फेज गेला तर मोटर थांबते ना, तेही मिस्त्रीसमोरच एक फ्यूज काढून बघा. दोन फेजवर वाइंडिंग जळायला वेळ लागत नाही.

सिम टाकताना आपलेच दोन-तीन नंबर नोंदवा, नाहीतर कर्ज देणाऱ्यांच्या फोननेही मोटर चालू व्हायची. पेटी लोखंडी असेल तर अँटेना बाहेर काढा. आणि रिचार्जची तारीख कॅलेंडरवर लिहा! माझा पॅक रात्री बाराला संपला. दोनला बंद करायला फोन लावते तर लागेच ना. गव्हाचं पाणी बांध फोडून शेजारच्या काकांच्या हरभऱ्यात. घाटे धरलेल्या हरभऱ्यात पाणी साचणं म्हणजे काय, ते काकांनी मला सकाळी सविस्तर सांगितलं. तेव्हापासून फोन लागो न लागो, तीन तासांनी मोटर बंद, असं पेटीतच लावून ठेवलंय.

पेटीत मुंग्या आणि पाली घुसतात, कॉन्टॅक्टर (मोटरला लाईन जोडणारा-तोडणारा स्विच) चिकटतो. वायरची भोकं बुजवून आत दोन डांबरगोळ्या ठेवा. पेटी उघडण्याआधी मेन स्विच खाली, मग टेस्टर. बोराजवळ काही करायचं असलं तरी हेच, कारण ऑटोवर असलेली मोटर कोणाला विचारून सुरू होत नाही. मामाजी मेन खाली केला की हँडलला आपला दुपट्टा बांधतात, आणि तो सोडायचा त्यांनीच.