देवस्थान, दर्गा आणि मनाचे आजार: खान्देशातील श्रद्धास्थानांनी काय करावे, काय टाळावे

घरातील माणूस रात्ररात्र जागू लागला, एकटाच बोलू लागला किंवा महिनोन्‌महिने कोणाशी बोलेनासा झाला, की खान्देशातील बहुतेक घरे आधी डॉक्टरांकडे जात नाहीत. कोणी गावच्या भगताकडे जाते, कोणी मनुदेवीला किंवा सप्तशृंगीच्या गडावर नवस बोलते, कोणी शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील सैलानी बाबांच्या दर्ग्यावर रुग्णाला घेऊन जाते, तर नवापूरकडची काही कुटुंबे चर्चच्या प्रार्थनासभेत बसतात. याला नुसती अंधश्रद्धा म्हणून हिणवण्यात अर्थ नाही. राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या माणसाला ती परमुलखाइतकी दूर वाटतात. देवस्थान मात्र जवळ असते, तेथे चिठ्ठी काढावी लागत नाही आणि कोणी 'वेडा' म्हणून नोंद करत नाही.

म्हणूनच विश्वस्त, कीर्तनकार, मौलाना, पाद्री, भजनी मंडळातील जाणती माणसे आणि भगत यांच्यावर मोठी जबाबदारी येते. माझ्या मते त्यांचे काम दोन भागांचे आहे. रुग्णाला उपचारांपर्यंत सुखरूप पोहोचवणे हा पहिला भाग, आणि उपचार सुरू झाल्यावर वर्षानुवर्षे सोबत करणे हा दुसरा. पहिल्या पंधरवड्यात सारे गाव विचारपूस करते; दुसऱ्या वर्षी दारात कोणी उभे राहत नाही. दर एकादशीला, दर शुक्रवारी किंवा दर रविवारी माणसे एकत्र येतात अशी व्यवस्था श्रद्धास्थानाकडे आयतीच असते, त्यामुळे हा दुसरा भाग त्याच्याइतका चांगला कोणीही करू शकत नाही.

पहिली भेट

घरचे लोक रुग्णाला घेऊन आले, तर निदान सांगण्याची घाई करू नये. 'बाहेरचं आहे', 'करणी आहे' हे जसे म्हणू नये, तसेच 'याला स्किझोफ्रेनिया आहे' हेही म्हणू नये. झोप कशी आहे, जेवण होते का, कामावर जाणे कधीपासून सुटले, दारू किंवा गांजा चालू आहे का, एवढे शांतपणे विचारावे. आणि हे प्रश्न नातेवाइकांना विचारण्याआधी स्वतः रुग्णाला विचारावेत. 'कसा शेस भाऊ?' एवढ्या एका आपुलकीच्या वाक्याने कित्येकदा बंद तोंड उघडते. त्याला आवाज ऐकू येतात असे तो सांगू लागला, तर त्याच्याशी वाद घालू नये आणि होकारही देऊ नये. 'मला तो आवाज ऐकू येत नाही, पण तुला त्याचा त्रास होतो आहे हे दिसते' असे म्हणता येते.

'मन घट्ट कर', 'नामस्मरण कमी पडते', 'मागल्या जन्मीचे भोग आहेत' ही वाक्ये व्यासपीठावरून आणि ओट्यावरूनही बंद व्हावीत. त्याहून घातक सल्ला म्हणजे 'लग्न लावून द्या, आपोआप ठीक होईल'. या सल्ल्यामुळे एकाऐवजी दोन आयुष्ये पणाला लागतात. आजार लपवून ठरवलेले लग्न पुढे उघडकीला आले, की नव्या सुनेचे किंवा जावयाचे हाल होतात आणि रुग्णाचा आजारही बळावतो. बैठकीत असा विषय निघाला, तर गुरुजींनी किंवा काझींनी स्पष्ट नकार द्यावा. त्यांचा शब्द डॉक्टरच्या शब्दाहून लवकर ऐकला जातो.

जीवनाला कंटाळल्याची भाषा ऐकू आली, तर सरळ विचारावे: 'जीव द्यावा असे मनात येते का?' असे विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, ही समजूत खोटी आहे; उलट बोलायला वाट मिळते. उत्तर होकारार्थी असेल, तर त्या माणसाला एकटे सोडू नये आणि घरच्यांना लगेच विश्वासात घ्यावे. कापूस आणि केळीच्या या पट्ट्यात फवारणीची औषधे घराघरांत, अनेकदा पलंगाखालीच ठेवलेली असतात. ती त्याच दिवशी घराबाहेर, दुसऱ्या विश्वासू माणसाकडे कुलपात ठेवायला लावावीत. टेली-मानस ही सरकारी सेवा २०२२ च्या १० ऑक्टोबरला सुरू झाली. तिचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही चालतो. तो देवस्थानाच्या सूचनाफलकावर आरतीच्या वेळापत्रकाशेजारी लिहून ठेवावा. जिवाला तातडीचा धोका असेल तर ११२ वर फोन करावा.

दवा आणि दुवा

श्रद्धा सोडायला लावून कोणी दवाखान्यात जात नाही, आणि तशी गरजही नाही. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातील उनावा येथे मीरा दातार यांचा दर्गा आहे. तेथे २००८ च्या सुमारास 'दवा-दुआ' नावाचा उपक्रम सुरू झाला. त्यात दर्ग्याचे मुजावर रुग्णाला दुआ देतात आणि त्याच आवारात मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतात. अंगारा किंवा तावीज देणाऱ्या हाताने डॉक्टरची चिठ्ठीही दिली, तर कुटुंबाला आपण देवाशी बेइमानी करतो आहोत असे वाटत नाही. आपल्याकडे आवारातच डॉक्टर बसवणे जमेलच असे नाही, पण धुळे, जळगाव आणि नंदुरबार येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये किंवा जिल्हा रुग्णालय यांपैकी जवळ काय आहे, मानसोपचाराची बाह्यरुग्ण तपासणी कोणत्या वारी असते आणि तेथे कोणती बस जाते, हे पुजाऱ्याला पाठ असायला हवे. पहिल्या तपासणीला देवस्थानातील एखादा माणूस सोबत गेला, तर अर्धे काम झाले असे समजावे. नवस बोललेला असेल तर तो औषधे चालू ठेवूनच फेडावा, हेही सांगून टाकावे.

या वाटेवर एक सीमारेषा मात्र कधीही ओलांडता कामा नये. तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या खासगी आश्रमात ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, आणि साखळदंडांनी बांधलेल्या २८ मनोरुग्णांचा त्यात अंत झाला. त्यांना पळता आले नाही, कारण त्यांना बांधून ठेवले होते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याच्या कलम ९५ नुसार मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास बंदी आहे. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा तर भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने किंवा साखळीने बांधणे, काठीने वा चाबकाने मारणे, मिरचीची धुरी देणे, चपला बुडवलेले पाणी पाजणे हे सारे गुन्हे ठरवतो, आणि शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे. जत्रेत असे काही घडत असेल तर विश्वस्तांनी 'ही त्यांची श्रद्धा' म्हणून मान फिरवू नये. सातपुड्याच्या पाड्यांवर मनाचा आजार झालेल्या बाईवर 'डाकीण' असल्याचा आळ घेतला जाण्याचा धोका याहूनही मोठा असतो. तेथे शब्द चालतो तो भगताचा, कारण आळ बहुधा त्याच्याच तोंडून पक्का होतो. म्हणून आरोग्यसेविकेने त्याला शत्रू न मानता आधी त्याच्याशीच बोलावे.

उपवास, जागर, वारी

हा विषय मी जरा विस्ताराने मांडणार आहे, कारण भक्तीच्या रीतीमुळे औषधोपचाराला नकळत बाधा येते आणि ती कोणाच्या लक्षात येत नाही.

झोपेचा भंग हे त्यातील मोठे कारण. मन कधी उधाणते आणि कधी खोल निराशेत जाते अशा बायपोलर आजारात सलग दोन-तीन रात्रींचे जागरण नव्या झटक्याला निमित्त ठरू शकते. खान्देशातील कानबाई देवीचा जागर, नवरात्रातील गोंधळ, अखंड हरिनाम सप्ताहातील रात्रीचा पहारा, रमजानमधील तरावीहची रात्रीची नमाज आणि पहाटेची सहेरी यांपैकी काहीही अशा माणसाला बंद करण्याची गरज नाही, पण त्याच्या वाट्याला दिवसाचा पहारा द्यावा आणि रात्री दहाला त्याला घरी पाठवावे. सप्ताहात तो भल्या पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत न थकता राबतो, भराभर बोलतो, पैसे वाटत सुटतो, असे दिसले तर भक्तीचे कौतुक करत बसू नये. घरच्यांना सावध करावे.

उपवासाचे तसेच. बायपोलर आजारात दिल्या जाणाऱ्या लिथियम या औषधाचे रक्तातील प्रमाण पाण्यावर आणि मिठावर अवलंबून असते. निर्जळी एकादशी केली, अळणी व्रत धरले किंवा वैशाखातील उन्हात घाम गाळला, तर हे प्रमाण वाढून विषबाधेपर्यंत मजल जाऊ शकते. हात थरथरणे, उलटी, जुलाब, तोल जाणे ही लक्षणे दिसली तर लगेच दवाखाना गाठावा. जळगाव-भुसावळचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांना टेकतो, आणि मनोविकारांवरील काही औषधांमुळे शरीराची उष्णता सोसण्याची क्षमताही कमी होते. त्यामुळे चैत्रात सप्तशृंगीला पायी जाणाऱ्या रुग्णासाठी सावली, पाणी आणि सोबती या तीन गोष्टींची जबाबदारी दिंडीने घ्यावी. आजारी माणसाला रोजातून सवलत आहे हे कुरआनातच सांगितले आहे, आणि आपल्याकडेही आजाऱ्याचा उपवास घरातील वडीलधारी मोडतातच. ज्यांना रोजे ठेवायचेच आहेत, त्यांनी गोळ्यांच्या वेळा इफ्तार आणि सहेरीला बसवता येतील का, हे रमजानच्या आधी डॉक्टरांना विचारावे. स्वतःच्या मनाने डोस गाळू नये. महाशिवरात्रीचा भांगेचा प्रसाद मात्र अशा माणसाच्या हातावर कधीही ठेवू नये. भांगेने मनाचे भ्रम वाढतात.

कोथळीहून निघणारी मुक्ताईची पालखी पंढरपूरला पोहोचेपर्यंत सुमारे महिना जातो. वारकऱ्याच्या पिशवीत तेवढ्या दिवसांच्या गोळ्या, चिठ्ठीची झेरॉक्स आणि घरचा फोन क्रमांक असावा. दिंडीप्रमुखाला हे ठाऊक असावे, इतर कोणाला असण्याची गरज नाही. 'पांडुरंगाच्या पायाशी गोळ्या सोडून आलो' असे अभिमानाने सांगणारी माणसे भेटतात. औषध अचानक थांबवल्याचा परिणाम बहुधा लगेच दिसत नाही, काही आठवड्यांनी दिसतो, आणि तोवर चमत्काराची गोष्ट गावभर झालेली असते. अशा गोष्टींना व्यासपीठावर जागा देऊ नये.

औषधांनी गुंगी येते, हालचाल मंदावते, वजन वाढते. भजनात डुलक्या घेणाऱ्याला टाळ देऊन जागे करण्याचा खटाटोप करू नये. नैराश्यावरील गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, हे घरच्यांना सांगून ठेवले तर आठव्या दिवशी डॉक्टर बदलण्याची घाई होत नाही.

पंगतीतील जागा

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, तेव्हा अनेक घरांत नैवेद्याच्या रोटासाठी प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजतात. आजारी मुलाच्या नावाचीही मूठ मोजली जाते, पण पंगत बसते तेव्हा तो आतल्या खोलीत असतो. भाऊबंदांनी हे बदलायला हवे. गर्दी सोसत नसेल तर त्याला शेवटच्या पंगतीत बसवावे, पण बसवावे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेली लेक झोक्यावर बसत नाही, तान्ह्या बाळाकडे पाहत नाही, सारखी रडते, असे दिसले तर 'दृष्ट लागली' म्हणून मीठ-मिरची ओवाळून थांबू नये. बाळंतपणानंतरचे नैराश्य हा उपचारांनी बरा होणारा आजार आहे.

सेवा द्यावी ती ठरलेल्या वेळेची आणि बेताची: फुले निवडणे, चपलांच्या कप्प्यांकडे लक्ष ठेवणे, ग्रंथालयाची नोंद ठेवणे. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. काही ठिकाणी बरा होत आलेला रुग्ण म्हणजे फुकटचा गडी, असा हिशेब होतो आणि दिवसभराच्या राबणुकीला सेवेचे नाव मिळते. इतरांना ज्या कामाचा मोबदला देता, तो त्यालाही द्यावा.

रुग्णाची आई हीही देवस्थानाची जबाबदारी आहे. महिन्यातून दोन दुपारी कोणी तिच्या घरी बसले, तर तिला बाजार करता येतो, हरिपाठाला येता येते. औषधे आणायला जाणाऱ्याचे बसभाडे दानपेटीतून द्यावे. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये मानसिक आजाराचाही समावेश आहे, त्यामुळे दीर्घ आजारात दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळू शकते आणि संजय गांधी निराधार योजनेसाठी अर्ज करता येतो. विश्वस्तांपैकी कोणी तलाठी कार्यालयाचे कागद भरण्यात तरबेज असतोच, त्याने हे काम अंगावर घ्यावे. आणि हे सारे गुपचूप व्हावे. ध्वनिक्षेपकावरून नाव घेऊन प्रार्थना करणे, व्हॉट्सअॅपवर फोटो टाकणे, 'साक्ष' द्यायला उभे करणे हे रुग्णाने स्वतः, बरा असताना, होकार दिल्याशिवाय करू नये.

भुसावळसारख्या जंक्शनवर उतरून देवळांच्या पायऱ्यांवर राहणारी अनोळखी, भ्रमिष्ट माणसेही आपलीच आहेत. जेवण द्यावे, हाकलू नये आणि पोलिसांना कळवावे. मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम १०० नुसार अशा माणसाला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्यसंस्थेत नेणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. रायगड जिल्ह्यातील कर्जत येथे डॉ. भरत वाटवानी यांनी उभारलेल्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राने रस्त्यावरील हजारो रुग्णांना बरे करून घरी पोहोचवले आहे. या कामासाठी त्यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

ऐन कीर्तनात कोणी उठून ओरडू लागला, तर बुवांनी एक अभंग लावून लोकांचे लक्ष तिकडे वळवावे आणि रुग्णाच्या ओळखीच्या एकाच माणसाने, हात न धरता, त्याला बाहेर मोकळ्या जागी न्यावे. चार जण धावून गेले की प्रकरण चिघळते.

आणि सारे करूनही एखाद्या घरात आत्महत्या झाली, तर दशक्रियेच्या प्रवचनात तिला पाप म्हणू नये, कारण सांगू नये, कसे घडले याचे वर्णन करू नये आणि कोणताही विधी नाकारू नये. त्या घरातील इतरांनाही आता धोका वाढलेला असतो. तेराव्यानंतर मांडव उतरला, की दोन माणसे ठरवून द्यावीत. त्यांनी निदान वर्षश्राद्धापर्यंत दर पंधरवड्याला त्या घरी जाऊन बसावे, आणि गेलेल्याचे नाव टाळू नये.