डबाबंद भाजीचं लेबल: या चुका टाळा

मटार चांगला, डबा घट्ट, चव उत्तम. तरीही अन्नसुरक्षा विभागाची नोटीस हातात पडते. खानापूर-निपाणी भागातल्या लहान उत्पादकांना मी लेबलं तयार करायला मदत करतो. मालापेक्षा लेबलच नडतं, हे पुन्हा पुन्हा पाहिलंय. आणि चुकीच्या लेबलाला दंड ३ लाखांपर्यंत आहे.

सगळ्यात मोठी गफलत भाषेची. "देवनागरीत छापलंय की!" असं आपली माणसं सांगतात. पण २०२० च्या लेबलिंग नियमांप्रमाणे आवश्यक माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत हवी. मराठी त्यात धरली जात नाही. ती जोडीला खुशाल छापा, फक्त मजकूर एकमेकांशी जुळला पाहिजे. शिवाय माल कर्नाटकात तयार करून इथेच विकणार असाल, तर २०२२ च्या कन्नड भाषा सर्वंकष विकास कायद्यानुसार नाव आणि वापराच्या सूचना कन्नडमध्येही लागतात. सीमाभागात हा विषय किती दुखरा आहे, ते मी जाणतो. म्हणूनच सांगतो, जागा पुरत नाही म्हणून मराठी काढू नका; डिझाइन करतानाच तिची जागा राखा.

दुसरी चूक वजनाची. मिठाच्या पाण्यातल्या भाजीवर नुसतं निव्वळ वजन पुरत नाही. पाणी ओतून दिल्यावर उरणारं, निथळलेलं वजनही वेगळं छापावं लागतं. गिऱ्हाईक पैसे भाजीचे देतं. प्रत्येक बॅचमधले काही डबे फोडा, चाळणीवर निथळू द्या, मग तोला. अंदाजाने आकडा टाकू नका.

भाव वाढला म्हणून छापील किमतीवर नवा स्टिकर लावायचा नाही. किंमत कमी केली असेल तर चालतो, तोही जुना आकडा न झाकता. अन्नसुरक्षेचा १४ आकडी परवाना क्रमांक, वजनाच्या उतरत्या क्रमाने घटक, बॅच, तारखा, हिरवा ठिपका हे सगळं छपाईआधी दोघांनी वाचावं.

नमुना घ्यायला अधिकारी आले, तर घाबरून नुसती सही करून मोकळे होऊ नका. नमुन्याचे चार भाग होतात. त्यातला एक मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा, अशी मागणी तिथल्या तिथे लेखी द्या. सरकारी विश्लेषकाचा अहवाल विरोधात गेलाच, तर तो मिळाल्यापासून ३० दिवसांत पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे, म्हणजे अन्नसुरक्षा विभागाच्या जिल्ह्यातल्या प्रमुखाकडे, अपील करता येतं.