बेलारूसच्या हॉकीवाल्याचं करिअर पान कसं वाचायचं (कोल्त्सोव्हचं उदाहरण घेऊन)

मार्च 2024 मधे आईस हॉकीवाला कोन्स्तांतिन कोल्त्सोव्ह वारला, आणि टेनिसपटू आर्यना साबालेंकाशी असलेल्या नात्यामुळे त्याचं नाव आपल्याकडे बऱ्याच जणांनी टेनिसच्या बातम्यांतून पहिल्यांदा वाचलं. त्यातले काहीजण उत्सुकतेने त्याचं स्टॅट्सचं पान उघडतात, एनएचएल (अमेरिका-कॅनडातली सगळ्यात मोठी आईस हॉकी लीग) 144 मॅच 12 गोल असं दिसतं, आणि "हॅ, साधाच होता की" म्हणून पान बंद. खरं तर आईस हॉकीचं पान असं एकाच ओळीवर वाचायचं नसतंच, त्यातून माणूस बेलारूसचा असेल तर अजिबातच नाही, कारण त्यांचं करिअर अमेरिका, रशिया आणि देशाची टीम अशा तीन ठिकाणी पसरलेलं असतं आणि पुढे कोच झाला की आकडे गायबच होतात. तर ते कसं वाचायचं ते सांगतो.

आधी नावाचा घोळ निस्तरा. ह्या लोकांची नावं दोन पद्धतीने लिहितात, रशियन उच्चारावरून एक आणि बेलारूसी उच्चारावरून एक. एनएचएलच्या पानांवर कोल्त्सोव्ह असतो आणि ऑलिंपिक, वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या याद्यांमधे तोच माणूस काल्त्सोउ होऊन बसतो, स्पेलिंग इतकं वेगळं की दुसराच कोणी वाटेल. म्हणून नावापेक्षा जन्मतारीख जुळवा, 17 एप्रिल 1981, मिन्स्क. तारीख जुळली की माणूस तोच.

आता रकाने. जीपी म्हणजे खेळलेल्या मॅच, जी म्हणजे गोल, ए म्हणजे असिस्ट, आणि पॉइंट्स म्हणजे गोल अधिक असिस्ट. एका गोलला जास्तीत जास्त दोन जणांना असिस्ट मिळतो, आपल्या मैदानी हॉकीत असा हिशोब फारसा कोणी ठेवत नाही म्हणून पहिल्यांदा गोंधळ होतो. पीआयएम म्हणजे पेनल्टीची मिनिटं. आणि प्लस-मायनस हा सगळ्यात फसवा रकाना, तुम्ही बर्फावर असताना आपल्या टीमने गोल मारला तर प्लस, खाल्ला तर मायनस, पॉवर प्लेवर, म्हणजे पेनल्टीमुळे समोरच्यांचा माणूस कमी असताना, मारलेले गोल त्यात धरत नाहीत. म्हणजे टीमच रद्दी असेल तर चांगल्या पोराचाही आकडा मायनसमधे जाणार, त्याला तो काय करणार.

अजून एक, हॉकीत एका टीमचे एकावेळी गोली (गोलकीपर) धरून 6 जण बर्फावर असतात आणि पाऊण-एक मिनिटाच्या शिफ्टमधे सारखे आतबाहेर करतात. फॉरवर्ड्सच्या चार लाईन असतात. पहिल्या लाईनवाला 20 मिनिटं खेळेल, चौथीतला 8-10 मिनिटं, पण दोघांच्याही नावावर "एक मॅच" लागते. म्हणून नुसते गोल बघू नका, आईस टाईम दिलेला असेल तर तो शेजारी ठेवून बघा.

हे झालं की ड्राफ्टची (एनएचएलच्या टीम आळीपाळीने नवीन पोरं निवडतात त्याची) ओळ शोधा, बहुतेक पानांवर ती वरच असते. कोल्त्सोव्हला पिट्सबर्ग पेंग्विन्सने 1999 मधे पहिल्या राऊंडमधे घेतला, 18 वा नंबर. हा आकडा किती मोठा ते कळायला त्याच्याच देशाची माणसं शेजारी ठेवा. रुस्लान सालेई 1996 मधे 9 वा गेला होता, आंद्रेई कोस्तित्सिन 2003 मधे 10 वा. एवढ्याशा देशातून पहिल्या राऊंडमधे जाणारी पोरं बोटावर मोजण्याइतकी, त्यातला हा एक, आणि तेव्हा तो 18 वर्षांचा, रशियातल्या चेरेपोवेत्सच्या सेवेरस्ताल क्लबकडे. बेलारूसचा पोरगा रशियात काय करत होता असं वाटेल, तर त्यात काही विशेष नाही, सोव्हिएत युनियन मोडलं तरी मोठी लीग, पैसा, ट्रेनिंग सगळं रशियातच राहिलं आणि मिन्स्कची हुशार पोरं लहानपणीच तिकडे जायची. पानावर ड्राफ्टनंतर तीन वर्षं रशियन क्लबच दिसतील, त्याचा अर्थ "अमेरिकेने नाकारला" असा काढू नका, ड्राफ्ट म्हणजे फक्त हक्क राखून ठेवणं.

पुढची ओळ विल्क्स-बॅरे/स्क्रँटन. ही एएचएल, म्हणजे आपल्या रणजीसारखी खालची पायरी, पिट्सबर्गचीच. 2002-03 मधे तो तिथे खेळला आणि वरच्या टीमसाठी फक्त 2 मॅच. त्यानंतरची ओळ मात्र थांबून वाचा. 2003-04, 82 मॅच, 9 गोल, 20 असिस्ट, 29 पॉइंट्स. सीझनच 82 मॅचचा असतो, म्हणजे पठ्ठ्या एकही मॅच न चुकवता पूर्ण सीझन खेळला. आता त्या साली पेंग्विन्स कुठे होते ते बघा, गुणतक्त्यात 58 पॉइंट्स घेऊन अख्ख्या लीगमधे शेवटचे. म्हणजे शेवटच्या टीममधला 22 वर्षांचा विंगर 29 पॉइंट्स काढतोय, हे वाईट नाही हो. उलट तुम्ही म्हणू शकता की चांगल्या टीममधे त्याला एवढा वेळ मिळालाच नसता, तेही खरंय, दोन्ही बाजूंनी विचार करायचा.

मग 2004-05 ची ओळ, एनएचएल कोरी. इथे नवीन माणूस हमखास फसतो, इंजुरी झाली का, काढून टाकला का. काही नाही, त्या साली मालक आणि प्लेयर्सच्या भांडणात लॉकआऊट झाला आणि पूर्ण सीझनच रद्द झाला, सगळ्यांचीच ओळ कोरी आहे. कुठल्याही प्लेयरच्या पानावर 2004-05 दिसलं की हे आधी आठवा.

2005-06 मधे 60 मॅच, 3 गोल, 6 असिस्ट. हा खरा घसरलेला सीझन, इथे मी त्याची बाजू घेणार नाही. पण टीमची यादीही उघडून बघा, सिडनी क्रॉसबीचं ते पहिलं वर्ष, आणि मारियो लेम्यूने जानेवारी 2006 मधे कायमची निवृत्ती घेतली तोही ह्याच सीझनमधे. जुना राजा आणि नवा राजा एकाच ड्रेसिंग रूममधे, आणि त्याच खोलीत हा मिन्स्कचा पोरगा, इतकं काही आकड्यात दिसत नाही. पिट्सबर्गला एमएस करायला गेलेल्या आपल्या लोकांना विचारा, तिथे अजूनही हे विषय चहाबरोबर निघतात.

इथे एनएचएल संपलं आणि बहुतेक जण इथेच पान बंद करतात. चूक. खाली स्क्रोल करा, सालावात युलायेव उफा दिसेल. उफा ही बाश्कोर्तोस्तानची राजधानी, आणि टीमचं नाव अठराव्या शतकात झारशाहीविरुद्ध बंड केलेल्या बाश्कीर वीराचं, हे आपल्याला पटकन पचतं. ह्या क्लबने 2008 मधे पहिल्यांदा रशियन चॅम्पियनशिप जिंकली आणि 2011 मधे फायनलला अतलांत टीमला 4-1 ने हरवून गागारिन कप, म्हणजे केएचएल लीगचा कप, घेतला, आणि कोल्त्सोव्ह दोन्ही टीममधे. लीगचं नाव मधेच बदलतं त्याने घाबरू नका, 2008 पर्यंत रशियन सुपरलीग, त्यानंतर केएचएल, मिन्स्कची डायनॅमोसुद्धा तेव्हापासून केएचएलमधेच. अमेरिकन पानांवर हे सगळं दोन ओळीत गुंडाळतात, म्हणून पान निवडताना रशियन लीग नीट देणारी साईट निवडा, नाहीतर माणसाच्या करिअरचा सगळ्यात भरलेला भाग हातातून जातो.

आता देशाची टीम, हा रकाना वेगळा असतो, बऱ्याचदा तळाशी. कोल्त्सोव्हच्या समोर 2002 आणि 2010 ही दोन ऑलिंपिक. 2002 वर क्लिक करा, सॉल्ट लेक सिटी. फायनल राऊंडमधे बेलारूसने रशियाकडून 6-4, फिनलंडकडून 8-1, अमेरिकेकडून 8-1 असा सपाटून मार खाल्ला, पण फॉरमॅट असा की सगळेच क्वार्टरफायनलला जाणार. समोर स्वीडन, ज्यांनी कॅनडालाही हरवलं होतं. 3-3 अशी बरोबरी, अडीच मिनिटंसुद्धा राहिलेली नाहीत, आणि बेलारूसच्या व्लादिमीर कोपातने लांबून, ब्लू लाईनच्याही बाहेरून एक शॉट हाणला, तो स्वीडनचा गोली टॉमी सालोच्या डोक्यावर आदळून वर उडाला आणि मागे गोलमधे पडला. 4-3. दुसऱ्या टोकाला गोली आंद्रेई मेझिनने 40 च्या वर शॉट अडवले होते ते लोक विसरतात. पुढे कॅनडाने 7-1 आणि रशियाने 7-2 ने धुतलं, तरी चौथा नंबर. कोल्त्सोव्ह तेव्हा 20 वर्षांचा, एनएचएलचं तोंडही बघितलेलं नव्हतं. एनएचएलच्या पानावर ह्याचा मागमूस नाही.

शेवटचा आणि सगळ्यात अवघड भाग, कोचिंग. खेळणं थांबवल्यावर तो बेलारूसच्या नॅशनल टीममधे असिस्टंट कोच होता आणि नंतर पुन्हा उफाला, सालावात युलायेवच्या कोचिंग स्टाफमधे. असिस्टंटच्या नावावर विजय-पराजय काहीच लागत नाही, ते सगळं हेड कोचच्या खात्यात. मग वाचायचं कसं? एक म्हणजे हेड कोच कोण ते बघा. उफाला होता व्हिक्टर कोझलोव्ह, आणि 2011 ची गागारिन कप टीम काढलीत तर हा कोझलोव्ह आणि कोल्त्सोव्ह एकाच टीममधे सापडतील. क्लब आपलीच जुनी माणसं बेंचवर आणतो हे इथे उघड दिसतं. दुसरं म्हणजे त्याच्याकडे काम काय होतं ते क्लबच्या बातम्यांत शोधा, फॉरवर्ड्स, डिफेन्स, पॉवर प्ले, कुणाकडे काय ते मुलाखतींत निघतं. आणि तिसरं, 2022 मधे रशिया-बेलारूसच्या टीम आंतरराष्ट्रीय फेडरेशनच्या स्पर्धांतून बाहेर काढल्या, म्हणून त्यानंतर बेलारूसच्या कोचसमोर वर्ल्ड चॅम्पियनशिप दिसत नसेल तर त्यात त्या कोचचा दोष नाही.

कोल्त्सोव्हची ओळ तिथेच तुटते, 18 मार्च 2024 ला मायामीत, वय 42. त्या दिवसांच्या बातम्यांमधे हॉकी जवळपास नाहीच, म्हणून त्याच्या खेळाबद्दल शोधताना 2023 पर्यंतच्या तारखा लावून शोधा, पुष्कळ बरं मटेरियल मिळतं.

सराव करायचा असेल तर आता आंद्रेई स्काबेल्का काढा. तोही बेलारूसचा प्लेयर, तोही कोच झाला, पण हेड कोच, आधी नोवोसिबिर्स्कची सिबीर, मग कझाकस्तानचा बारीस क्लब आणि तिथलीच नॅशनल टीम, जिला त्याने 2019 मधे वरच्या डिव्हिजनमधे नेलं. त्याच्या पानावर एनएचएलची एकही मॅच सापडणार नाही, तेव्हा सरळ खालूनच वाचायला सुरुवात करा.