इंग्रजी अर्जात या चुका टाळा: जड शब्द म्हणजे आदर नव्हे

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्यांना पाठवायचे नोकरीचे अर्ज दांडिया बाजारातली आपली मराठी मुलं माझ्याकडे तपासायला आणतात. व्याकरण बहुतेकांचं ठीक असतं, गडबड होते ती शब्द निवडताना. घरी आजोबांना 'तुम्ही' आणि दुकानदाराला गुजरातीत 'तमे' म्हणायचं, हे या मुलांना शिकवावं लागत नाही. इंग्रजीत मात्र सगळ्यांना एकच 'यू'. मग आदर दाखवायला ती जड शब्द शोधतात आणि अर्ज तिथेच बिघडतो.

'आय वॉन्ट टू इन्क्वायर द सॅलरी' हे वाक्य बघा. 'इन्क्वायर' भारदस्त आहे, पण 'आय वॉन्ट'मुळे हुकूम सोडल्यासारखं वाटतं, शिवाय 'अबाउट' राहूनच गेला. 'आय वुड लाइक टू आस्क अबाउट द सॅलरी' यात शब्द साधे आहेत आणि अदब पुरेपूर आहे. इंग्रजीतला आदर 'वुड', 'कुड', 'मे' या छोट्या शब्दांत असतो.

एकाच अर्थाचे दोन शब्द आले कुठून? 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि दरबार-कचेरीत फ्रेंच शिरली. 'बाय', 'हेल्प' हे जुने घरगुती शब्द राहिले; 'परचेस', 'असिस्ट' हे कागदोपत्री झाले. आपल्याकडे 'विचारणे' आणि 'पृच्छा करणे' यांत आहे तोच फरक. म्हणून 'परचेस ऑर्डर' बरोबर, पण दूध 'परचेस' केलं असं कोणी म्हणत नाही. 'इंटरॉगेट' तर पोलीस करतात, मुलाखत घेणारे नव्हेत. 'पुढे ढकलणे' यासाठी मित्राशी बोलताना 'पुट ऑफ', पत्रात 'पोस्टपोन'. 'अलीकडे आणणे' या अर्थी 'प्रीपोन' भारतात चालतो. परदेशी ग्राहकाला 'ब्रिंग फॉरवर्ड' लिहा.

शब्द घडवतानाही अंदाज चालत नाही. स्वयंपाक करणारा 'कुक', 'कुकर' म्हणजे भांडं. 'पॉसिबल'चं 'इम्पॉसिबल', 'लीगल'चं 'इल्लीगल', 'रेग्युलर'चं 'इर्रेग्युलर': पुढच्या अक्षराप्रमाणे 'इन' बदलतो. 'अन' मात्र बदलत नाही: 'अनपेड', 'अनलकी'. सर्वांत फसवी जोडी म्हणजे 'अनएबल' आणि 'इनॅबिलिटी'. इथे विशेषणाला 'अन', नामाला 'इन'; 'अनजस्ट-इनजस्टिस', 'अनस्टेबल-इन्स्टॅबिलिटी' तशाच. पण हा सगळीकडे चालणारा नियम समजू नका, असे शब्द जोडीनेच पाठ करा.

शेवटची सही करताना, सुरुवात 'डिअर सर' असेल तर 'युवर्स फेथफुली', आडनाव घातलं असेल तर 'युवर्स सिन्सिअरली'.